कुंकवाची जागा

क्यूआर कोडच्या चारही बाजूंना चार ठिपके रुंदीची कोरी जागा सोडा, हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन तितक्या वेळा कुणी रामनामही घेतलं नसेल. लोक ऐकत नाहीत. हॉटेलवाले त्या कोऱ्या जागेत मिसळीचं चित्र घालतात, मंडळवाले अध्यक्षांचा फोटो. मग कोड वाचला जात नाही आणि मला फोन येतो, "उज्ज्वलाताई, तुमचा स्टिकर खराब निघाला."

मी उज्ज्वला कोष्टी. तारळगावात बसस्टँडच्या मागे माझं स्टिकर छापायचं दुकान आहे. या २०४१ सालात आमच्या गावात चौकोनाशिवाय पान हलत नाही. दुधाच्या पिशवीवर चौकोन, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावर चौकोन, शाळेच्या दप्तरावर चौकोन. त्यातले निम्मे मी छापलेले. स्वभावाने मी किरकिरी आहे, हे मला मान्य आहे. काळा म्हणजे काळा, पांढरा म्हणजे पांढरा, चकाकणारा कागद नको, चिकटवण्याआधी तपासून बघा. पण गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी माझाच नियम मोडला आणि एका माणसाचा जीव टांगणीला लागला. ती हकीकत अजून आठवली तरी माझे हात थंड पडतात.

आमच्या गावच्या डायलिसिस केंद्रात आठ यंत्रं आहेत आणि ती सांभाळायला एकच माणूस, फिरोज मुजावर. पूर्वी एवढ्या कामाला चार जण लागत. आता पेशंट शेल्फवरून आपला डबा घेऊन येतो. डब्यात त्याचा स्वतःचा फिल्टर असतो, धुऊन पुन्हा वापरायचा, आणि डब्याच्या तोंडावर मी छापलेला चौकोन. डबा यंत्राच्या खाचेत सरकवला की आत लाल उजेड लागतो, यंत्र चौकोन वाचतं आणि त्या माणसाच्या अंगातून आज किती पाणी काढायचं, किती वेगाने काढायचं, हे आपोआप ठरतं. पडद्यावर फक्त हिरवी टिकली येते. नाव नाही, आकडा नाही. एकाचा आजार दुसऱ्याला दिसू नये, असा नियमच आहे.

पाणी काढणं ही साधी गोष्ट नाही. मूत्रपिंड थकलं की अंगात पाणी साठतं, ते यंत्राने ओढून घ्यावं लागतं. सात नंबरवरचे शिंगटे पंच्याण्णव किलोचे, त्यांच्यातून पावणेचार लिटर काढतात. माझी आई, आक्का, त्रेचाळीस किलोची. तिच्यातून एक लिटर. शिंगट्यांचा आकडा आक्काला लागला तर रक्तदाब तळाला जाईल आणि हृदय थांबेल.

आता चौकोनाबद्दल थोडं. या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची खरी करामत अशी की त्यात नुसता मजकूर नसतो, त्या मजकुरावर केलेल्या गणिताची उत्तरंही असतात. चार भावंडांच्या वयांची बेरीज तुम्हाला ठाऊक असेल आणि एकाचं वय पुसलं गेलं, तर बाकी तिघांवरून ते काढता येतं. तसंच हे. डाग पडला, कोपरा फाटला, तरी वाचक हिशेब करून हरवलेले ठिपके परत मिळवतो. पण त्याला मर्यादा आहे. फारच पुसलं गेलं तर प्रामाणिक वाचक सरळ सांगतो, वाचता येत नाही.

केंद्रातले डबे औषधाच्या पाण्याने धुतले जात. स्टिकर विटत. वाचक नकार देई, पेशंट ताटकळत आणि शिव्या मला बसत. शेवटी वैतागून मी गेल्या वर्षी श्रावणात केंद्राच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं की नवीन 'जाणकार' वाचक बसवा. जाणकार कधीच नाही म्हणत नाही. त्याच्याकडे केंद्रातल्या चाळीस पेशंटांच्या चौकोनांची यादी असते. समोरचा चौकोन धड कळला नाही, तर यादीतल्या ज्याच्याशी तो सगळ्यांत जास्त जुळतो तोच हा, असं धरून तो पुढे जातो. हजारात नऊशे नव्याण्णव वेळा त्याचं बरोबर येतं. पत्राखाली सही माझी होती. त्यानंतर केंद्रात सगळीकडे हिरव्या टिकल्या लागू लागल्या आणि माझ्यामागची कटकट मिटली.

खंडेनवमीला दुपारची पाळी संपल्यावर फिरोजने यंत्रांची पूजा मांडली. झेंडूच्या माळा त्यानेच आणल्या होत्या. पेशंट, त्यांची माणसं, सगळे जमले होते. आक्का नेहमीप्रमाणे दाराशी, भिंतीला पाठ लावून उभी. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून कुठेही हळदीकुंकवाचं ताट आलं की ती अशी दोन पावलं मागे सरते. कुणी सांगायला लागत नाही. मला त्याचा संताप येतो, पण तिला तो दाखवून उपयोग नसतो.

फिरोज कुंकवाची वाटी घेऊन सरळ तिच्यासमोर गेला. "आक्का, हितं सगळ्यात जुन्या तुम्ही. तुमच्याच हातनं होऊ द्या."

फिरोजला ती रीत माहीत नव्हती, की माहीत असून त्याने ती बाजूला सारली, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आक्काने माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. तिने वाटी घेतली.

यंत्रं झाल्यावर ती म्हणाली, "यंत्रं सगळ्यांची. पण डबा ज्याचा त्याचा हाय. डब्यांना बी लावू या की."

शेल्फवर चाळीस डबे ओळीने. डब्याच्या तोंडावर मधोमध माझा पांढरा स्टिकर, एखाद्या कपाळासारखा. कुंकू लावायचं तर माणूस दुसरं कुठे लावणार? तिने पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि पहिल्याच डब्याच्या चौकोनावर ठळक लाल टिळा उमटवला. माझ्या ओठांवर आलं होतं, आक्का, तिथे नको. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शब्द गिळले. अकरा वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

बेड पाचवरचे दत्तूकाका माळवदे पुढे आले. गावातले जुने शिंपी, सडपातळ, तोंडाने फटकळ. "आक्का, माझ्या डब्याला जरा ज्यादा लावा. नवरदेव दिसू द्या."

"गप बसा वो," आक्का हसत म्हणाली आणि त्यांच्या डब्यावर तिने दोनदा बोट ओढलं. त्यांची बायको, कमलकाकू, मागे उभी होती. ती हसली नाही.

मी अगदीच डोळे मिटले नव्हते. सगळं झाल्यावर फोन काढून चाळीसच्या चाळीस डबे तपासले. सगळे चौकोन वाचले गेले. "चालतंय," मी म्हणाले. हा माझा शब्द होता, आणि केंद्रात या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. दवाखान्याला सुट्टी असते, डायलिसिसला नसते. आक्का आठच्या पाळीला गेली आणि मी दुकानात आले. एका नवीन ट्रॅक्टरवाल्याचे स्टिकर दुपारपर्यंत हवे होते. माझ्या छपाईयंत्रावरही एक चौकोन आहे, तो वाचल्याशिवाय ते सुरू होत नाही. त्यावर मी स्वतः आदल्या दिवशी कुंकू लावलेलं होतं. फोन चार्जिंगला होता म्हणून मी खणातला जुना हातवाचक घेतला. तो लाल उजेडावर चालतो आणि त्याच्या छोट्या पडद्यावर त्याला काय दिसतंय ते दिसतं.

"वाचता येत नाही," वाचक म्हणाला.

फोन आणला. फोनने पटकन वाचलं. परत हातवाचक. नाही. मी त्याच्या पडद्याकडे नीट बघितलं. चौकोनाच्या मधोमध एक पांढरं भगदाड होतं. कुंकू नव्हतंच. कुंकवाखालचे काळे ठिपकेही नव्हते.

लहानपणी आपण लाल जिलेटीन कागद डोळ्यांना लावून बघायचो, तेव्हा वहीतली लाल पेनाची रेघ नाहीशी व्हायची. तेच इथे. लाल उजेडात लाल आणि पांढरं सारखंच चमकतं. काळ्या ठिपक्यांवर कुंकू बसलं तर फोनच्या कॅमेऱ्याला ते गडदच दिसतं आणि पांढऱ्यावर बसलं तर फिकट, म्हणजे काळ्याला काळं, सगळं ठीक. लाल उजेडाच्या वाचकाला मात्र तिथे कोरा कागद दिसतो.

केंद्रातली आठही यंत्रं लाल उजेडाने वाचतात. मी सगळे डबे फोनने तपासले होते. आणि तिथला वाचक कधीच नाही म्हणत नाही.

मी फिरोजला फोन लावला. वाजत राहिला. वॉर्डात फोन नेत नाहीत, बाहेरच्या कपाटात ठेवतात. केंद्राचा फोन लावला, तर सुट्टीच्या शुभेच्छांची ध्वनिफीत. सव्वाअकरा वाजले होते. आठला लागलेली पाळी. सव्वातीन तास.

स्कूटर काढली. बाजारात आपट्याच्या पानांचे ढीग, हार घातलेल्या गाड्या, रस्ता भरून माणसं. दोन मिनिटांच्या रस्त्याला मला दहा मिनिटं लागली. कुणीतरी "ताई, सोनं घ्या" म्हणत पानं पुढे केली आणि मी त्याच्यावर ओरडले. मनात एकच आकडा घोळत होता. पावणेचार लिटर. त्रेचाळीस किलो.

वॉर्ड शांत होता. आठ यंत्रं, आठ हिरव्या टिकल्या. फिरोज कोपऱ्यात नोंदी करत बसलेला. आक्का तीन नंबरवर डोळे मिटून पडलेली. शिंगटे घोरत होते. पाच नंबरवर दत्तूकाकांनी भली मोठी जांभई दिली. लगेच दुसरी. कमलकाकू शेजारी वाती वळत बसली होती.

"फिरोज, चौकोन चुकीचे वाचले गेलेत. यंत्रं बघ. आत्ता."

"ताई, सगळं हिरवं हाय की."

"ते हिरवंच असणार! कुंकवामुळे. लाल उजेडात कुंकू दिसत नाही. कुणाचा आकडा कुणाला लागलाय, मला माहीत नाही."

त्याचा चेहरा उतरला. "एकदम थांबवता यायचं न्हाई ताई. आठ जणांचं रक्त नळ्यांत हाय, गोठंल. एकेक उघडून बघावं लागंल. अंगठा, पासवर्ड, मग तीन पडदे. दीड मिनिट तरी जाईल एकाला." तो उठला. "कुठलं आधी?"

हा प्रश्न त्याने मला विचारला आणि मी क्षणभरही विचार केला नाही.

"तीन नंबर."

दीड मिनिट. पहिला पडदा. दुसरा. तिसरा. पाणी: एक लिटर. बरोबर. आक्काचा चौकोन बरोबर वाचला गेला होता. मला रडूच आलं. आक्का जागी झाली, "काय झालं गं उज्जू?" म्हणाली. मी तिचा हात धरला. आणि मागून कमलकाकूचा आवाज आला.

"अहो. अहो, ऐकताय का?"

दत्तूकाकांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. कपाळावर घाम, डोळे वर. जांभया थांबल्या होत्या. फिरोजने धावत जाऊन खाट पायाकडून वर केली, सलाईन सोडलं आणि मग पडदे उघडून पाणी ओढणं बंद केलं. रक्तदाबाचा पट्टा फुगला आणि यंत्राने तीनदा प्रयत्न करून आकडा दाखवला. तो आकडा मी लिहिणार नाही. पडदा उघडला तेव्हा तिथे होतं: पावणेचार लिटर. शेचाळीस किलोच्या माणसाला शिंगट्यांचा आकडा. तीन लिटरच्या वर आधीच गेलं होतं.

जास्त पाणी गेलं की माणूस जांभया देतो, हे मला फिरोजने नंतर सांगितलं. मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून. आत आल्याबरोबर मी त्या जांभया पाहिल्या होत्या. नुसतं माणसांच्या तोंडांकडे बघितलं असतं तरी पाच नंबर आधी आलं असतं.

डॉक्टर धावत आले. दत्तूकाकांच्या छातीवर दाब देत त्यांना बाहेर नेलं. उरलेली यंत्रं फिरोजने नंतर उघडून बघितली, त्यांपैकी एकही चुकलेलं नव्हतं. फक्त त्यांचंच. दोनदा बोट ओढलेला डबा.

कमलकाकू दारात उभी राहिली आणि आक्काकडे बोट दाखवून म्हणाली, "मला काल बघूनच धस्स झालं होतं. रांडवेच्या हातचं कुंकू! माझ्या कुंकवावर उठली ही बाई."

नळ्या लागलेले सात जण, सगळ्यांना ऐकू आलेलं. आक्काने पदर ओढून तोंडावर घेतला.

मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज मात्र चिरका आणि लहान निघाला. "काकू, आक्काचा हात नाही, माझा डोळा चुकला. सवाष्णीने लावलं असतं तरी लाल उजेडाला ते दिसलं नसतं. तपासून चालतंय म्हणाले ती मी. कधीच 'नाही' न म्हणणारा वाचक बसवा, असं पत्र दिलं तेही मीच. जो काय शाप द्यायचा तो मला द्या."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काय द्यायचा? तू आधी आईचं बघितलंस," ती म्हणाली आणि नवऱ्यामागे गेली.

दत्तूकाका वाचले. तीन दिवस अतिदक्षता विभागात होते, मग दोन आठवडे घरी. बोलताना आता शब्द अडखळतात आणि उजव्या हाताने सुई ओवता येत नाही. चाळीस वर्षं सुई ओवलेला हात. डॉक्टरांनी मला बोलावलं तेव्हा मी सगळं लिहून दिलं. दुसरं पत्र. जाणकार काढा. ज्या वाचकाला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला काडीची किंमत नाही. पेशंट ताटकळू देत, शिव्या मला घालू देत. पडद्यावर नाव यायला हवं, हेही लिहिलं. महिनाभरात दोन्ही झालं.

एकदा दुपारी घरी भाकरी थापता थापता आक्काने विचारलं, "माझं आधी का बघितलंस गं?"

"तू माझी आई आहेस."

"ते मला बी कळतंय." ती परातीकडे बघत राहिली. "पण ती कमल बी कुणाची बायको हाय."

आक्काने त्यानंतर केंद्रात कुणाशी बोलणं सोडलं. डबा घ्यायची, पडायची, उठून घरी यायची.

मी मात्र स्टिकर बदलला. रात्रंदिवस तेवढाच विचार डोक्यात होता असं नाही, पण उत्तर सोपं होतं आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. लोक चौकोनाला कपाळ समजणार असतील तर त्यांच्यावर खेकसून काय होणार? लावायची जागाच द्यावी. आता माझ्या प्रत्येक डब्याच्या स्टिकरवर, कोऱ्या पट्टीच्या बाहेर, खाली एक गोल रिंगण छापलेलं असतं, टिळ्याएवढं. शेजारी बारीक अक्षरांत 'कुंकवाची जागा'. प्रत्येकाचे जादा स्टिकर फिरोजच्या खणात ठेवलेले. तपासणी फोनने नाही, यंत्राच्याच खाचेत.

यंदाची खंडेनवमी आली. फिरोजने माळा आणल्या. आक्का दाराशी, भिंतीला पाठ. गेल्या वर्षीपेक्षाही दोन पावलं मागे. वाटी टेबलावर तशीच पडून होती आणि ती उचलायला कुणी पुढे येईना.

दत्तूकाका उठले. काठी टेकत, डाव्या हातात आपला डबा घेऊन, तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "लावा... आक्का," ते अडखळत म्हणाले. "यंदा... मापात लावा."

आक्काने मान हलवली. नाही. त्यांनी डबा तसाच धरून ठेवला. हात दुखू लागला असणार, डबा हलत होता, पण ते काही मागे घेईनात. शेवटी आक्काने बोट बुडवलं. तिचं बोट इतकं थरथरत होतं की रिंगणात टेकता टेकता घसरलं आणि चौकोनाच्या अर्ध्यावर लाल फराटा उमटला.

फिरोजने डबा घेऊन खाचेत सरकवला. लाल उजेड लागला. यंत्र कर्कश ओरडलं आणि पडद्यावर तांबडी अक्षरं आली: वाचता येत नाही. माणसाला बोलवा.

आक्काने चटका बसल्यासारखा हात पदरात ओढून घेतला. सगळ्यांच्या माना कमलकाकूकडे वळल्या. ती भिंतीशी उभी होती, तोंड घट्ट मिटून. यंत्र ओरडतच होतं. मग ती आक्काकडे न बघता मला म्हणाली, "दुसरा स्टिकर दे की. बघत काय बसलीस?"

मी खणातून नवा स्टिकर काढला, जुना सोलला, नवा चिकटवला, डबा आक्कासमोर धरला. ती बोट पुन्हा कुंकवात बुडवेपर्यंत फिरोजला यंत्र बंद करायचं भान राहिलं नव्हतं. त्या कर्कश आवाजात मी उभी होते, आणि वर्षभरात पहिल्यांदाच माझे हात थंड नव्हते.